ताप उतरल्यावरचा आजार

"डेंग्यू आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो डास मीच पाळला होता. गोकर्णची सहल मी ठरवलेली.

तिथल्या रिसॉर्टच्या दारात पितळी घंगाळ होतं, पाण्यावर फुलांची आरास. स्वागताचा थाट. पाकळ्यांखाली अळ्या वळवळत होत्या. रात्री आम्ही मलम चोपडून मच्छरदाणीत झोपायचो आणि सकाळी उघड्या पायांनी घंगाळाशेजारी कॉफी प्यायचो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे राजाजीनगरला घरी परतून अक्का तापाने फणफणल्यावर मला कळलं.

इस्पितळात चार-पाच दिवसांनी ताप उतरला. आमच्या घरात ताप गेला की माणसाला डोक्यावरून न्हाऊ घालतात, मग गोड सांजा. अक्का उठून बसली. "सरी," ती नेहमीच्या कानडी वळणाने म्हणाली, "बरं, चल आता घरी. डोकं कसं चिकट झालंय बघ!" मी पिशवी भरायला घेतली.

डॉक्टरांनी पिशवी पाहिली. "धोक्याचा काळ आता सुरू होतो. पोट दुखतंय?"

"स्वल्प," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी पिशवी स्वतः खाली ठेवली.

याला प्लाझ्मा लीकेज म्हणतात. बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं. नातेवाईक प्लेटलेटचा जप करतात. डॉक्टर हिमॅटोक्रिट पाहत होत्या, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते. यावर औषध नाही. फक्त सलाइन, तेही बेतानं: कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो, जास्त झालं तर श्वास कोंडतो.

संध्याकाळी अक्काचे हात गार पडले. ती बोलेना. ही जाणार, असं मला स्पष्ट वाटलं.

तुमच्या घरी कुणाचा ताप असा उतरला आणि पोट दुखू लागलं, उलट्या किंवा ग्लानी आली, तर न्हाणं राहू द्या. इस्पितळ गाठा.

दोन दिवसांनी झिरपणं थांबलं. कशामुळे, असं मी विचारलं.

"आपोआप. वाहिन्या स्वतःच सावरतात. आम्ही फक्त तोवर सांभाळलं."

चमत्काराचा दावा करणारे मी पुष्कळ ऐकलेत. इथे तो डोळ्यांसमोर घडला होता आणि कुणीच श्रेय घेत नव्हतं.

सिस्टरने लघवीची भरलेली पिशवी दाखवली. मूत्रपिंडांना पुन्हा पुरेसं रक्त मिळत होतं. देवळातही हात खिशात ठेवणारा मी, त्या पिवळ्या पिशवीपुढे नकळत हात जोडून उभा राहिलो.

"अरे, तिकडे काय बघतोस?" अक्का खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. "लाज आहे का?"