शेवटची पानं भेळवाल्याला गेली

आमच्या नेवाशाच्या रद्दीवाल्याकडं व्हिडिओ गेमचं छापील पुस्तक हाय. भुताच्या किल्ल्यातल्या वाटा त्यात चित्रांनी दावल्यात. मला वाचता येत न्हाई, पन तोच गेम मी मोबाईलवर खेळतो. अडकलो की त्याच्याकडं पळतो. तो थुंकी लावून पान काढतो अन् उत्तरावर तळहात ठेवतो.

"आधी डोकं लावा, पाव्हणं."

माझं डोकं चालत न्हाई, म्हून त्याला हात दरवेळी उचलावा लागतो.

त्यानं सोता गेम कधी खेळला न्हाई. शेवटची पानं चुकून भेळवाल्याला गेली, म्हून शेवट त्यालाबी ठाव न्हाई.

काल म्या त्याला म्हनलं, "शेवटचं दार उघडलं."

त्यानं तराजू खाली ठेवला. "आत काय हाय?"

"भूत आलं. म्या भिऊन मोबाईलच बंद केला."

तो हसला न्हाई. भर दुपारी शटर ओढलं.

"चला, दोघं जाऊ आत."