मेहेर उस्ताद आणि दारातला शाफ्ट

तो शाफ्ट मेहेर उस्तादने बिघडवला नव्हता.

मी बिघडवला होता.

बारा वर्षं गप्प बसलो. आज उस्तादला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितोय.

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जे कोणी येऊन गेलेत, त्यांना ऑफिसच्या दाराला टेकवलेला फूटभर लोखंडी दांडा आठवेल, तोच हा शाफ्ट. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेला. त्याच्या टोकावर 'एम' ठोकलाय. एम म्हणजे मेहेर.

आमच्याकडे पद्धत आहे. लेथवर ज्याने काम केलं, त्याने माल तपासून झाला की पंच, म्हणजे अक्षर कोरलेला पोलादी खिळा, घेऊन आपलं अक्षर ठोकायचं. काम चांगलं निघालं तरी तुझं, वाईट निघालं तरी तुझं.

उस्ताद अर्मेनियन. वाढले बैरुतमध्ये, म्हातारे झाले मस्कतमध्ये. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आम्हा इंडियन पोरांशी हिंदी बोलायचे, तेही आमच्याकडूनच शिकलेलं, त्यामुळे शिव्या अस्सल रत्नागिरीच्या.

त्यांचा एकच नियम होता.

"गरम लोहा झूठ बोलता है, संतोष. पहले चाय."

म्हणजे लेथवरून काढलेला तुकडा लगेच मापायचा नाही. गरम असताना तो फुगलेला असतो. बाजूला ठेवायचा, चहा प्यायचा, गार झाला की मग मायक्रोमीटर लावायचा.

त्या चहाच्या वेळात ते गोष्टी सांगायचे. सगळ्यात लाडकी गोष्ट त्यांच्या नावाची. त्यांच्या मुलखात मेहेर नावाचा एक वीर होता. इतका ताकदवान की जमिनीला त्याचं वजन पेलवेना, पाय रुतायला लागले. शेवटी घोड्यासकट एका खडकात शिरला. अजून तिथेच आहे. वर्षातून एकदा खडक उघडतो, तो बाहेर येऊन जमीन चाचपून बघतो आणि परत आत जातो.

"क्यूँ?" मी विचारलं.

"दुनिया में झूठ बहुत है. झूठ से जमीन नरम हो जाती है."

मी म्हटलं, आमच्याकडे मिहिर म्हणजे सूर्य. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, बलुची. तो म्हणाला, आमच्या भाषेत मेहेर म्हणजे माया. उस्ताद खूश. म्हणाले, एवढी नावं असलेल्या माणसाला पगारही तेवढे पाहिजेत.

आता माझी गोष्ट.

मी नवीन होतो. तीन महिन्यांची ट्रायल, एक चूक झाली की परतीचं तिकीट. गावाला बायकोला, वैशालीला, सातवा महिना होता.

सहम गावाहून एका शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट आला. ऑगस्टची दुपार, शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं. उस्ताद बाहेरच्या कामावर होते. मला चटपटीत दिसायचं होतं. लेथवरून काढला, गरम गरम मापला, माप बरोबर आलं. चहाबिहा काही नाही. मीच मला शाबासकी दिली आणि घरी गेलो.

सकाळी अर्बाबने शेतकऱ्यासमोर बेअरिंग चढवून बघितलं. जे हातोडीने ठोकून बसायला हवं, ते बोटाने सरकत आत गेलं. लोखंड गार होऊन केसभर बारीक झालं होतं.

"किसका काम है?"

ट्रायलवरच्या पोराला पंच मिळत नाही, म्हणून अक्षर अजून ठोकलेलं नव्हतं. मी फडकं घेऊन लेथ पुसायला लागलो.

उस्ताद सकाळी कामावर परतले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून पंच काढला, हातोडी घेतली आणि एकच घाव घातला.

'एम'.

"मेरा. दोपहर को नया देता हूँ. खलास."

उस्तादला कोण काढणार? अर्बाब हसला, दांडा दाराला लावला आणि तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत राहिला. "हमारा मेहेर, तीस साल में एक गलती!" प्रेमाने म्हणायचा, पण म्हणायचा. उस्ताद मान डोलवायचे. मी लेथकडे तोंड करायचो.

ट्रायल संपल्यावर मी म्हटलं, आता सांगतो. ते म्हणाले, "बाद में, इन्शाल्ला. पहले बच्चे का मुँह देख." मुलगी झाली. मग ती बोलायला लागली, मग वैशाली आणि ती इथे आल्या, मग शाळा. ते 'बाद में' माझ्या सोयीचं होतं. खरं तेच लिहितो.

गेल्या वर्षी उस्तादला इथेच पुरलं. डोंगरातलं कबरस्तान, खाली सगळा खडक, ब्रेकर लावून फोडावा लागला. अर्बाब डोळे पुसत म्हणाला, "चालीस साल. एक ही शाफ्ट."

मी मूठभर माती टाकली आणि घरी आलो.

परवा मुलीला ही सगळी गोष्ट सांगितली. अकरा वर्षांची आहे, मराठी अडखळत बोलते. म्हणाली, "पण पप्पा, उस्ताद नाना तर आता नाहीत. मग ती लाय, ते खोटं, अजून का आहे?"



आज सकाळी अर्बाबच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने दाराजवळचा दांडा उचलून 'एम'वर बोट फिरवलं.

मग हळूच म्हणाला, "मतलब मेहेर का एक भी नहीं."

"एक भी नहीं, अर्बाब."

म्हातारा रडला. मीही रडलो.

मी 'एम' घासून काढायला निघालो, तर म्हणाला, राहू दे, त्याने स्वतः ठोकलाय. मग मी उस्तादनेच दिलेला माझा पंच घेतला आणि शेजारी 'एस' ठोकला. अक्षर जरा तिरकं आलंय.

उस्ताद, जगातली एक लबाडी आज कमी झाली. खडक उघडला तर बाहेर येऊन जमीन चाचपून बघा.

तुम्ही दिलेली नोकरी, तुम्ही दिलेलं घर, सगळं तुमच्या पायाशी. मनापासून नमस्कार.

लोखंड आता गार झालंय. मापा.