राबाच्या कडेची माळटिटवी

उन्हाळ्यात पक्षी बघायला जाताना माझं सगळं ठरलेलं असतं. स्कूटरच्या डिकीत दुर्बीण, पाण्याच्या बाटल्या, बसायला जुनं पोतं, आणि ऊन उतरलं की निघायचं. त्या संध्याकाळी शेजारच्या वहिनीही मागे बसल्या. डोकमर्डीला आम्ही एकाच मजल्यावर राहतो. त्या जळगावकडच्या, यजमान कंपनीत पाळीवर. "घरात बसून जीव उबला, ताई. तुमची पाखरं तरी बघू," म्हणाल्या.

खडोलीच्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की मोकळा माळ लागतो आणि त्याला लागून भातशेतं, या दिवसांत कोरडी ठणठणीत. मला माळटिटवी हवी होती. लाल गाठीची टिटवी कुठेही भेटते. चोचीपाशी पिवळी गाठ असलेली ही दुसरी मी कित्येक उन्हाळे शोधत होते.

"ताई, ते ढेकूळ चालतंय बघा!"

ढेकूळ कसलं! काळी टोपी, पिवळी गाठ, लांब पिवळे पाय! घाईघाईत दुर्बीण लावली तर आधी नुसतं आभाळच दिसलं! ती थोडी धावली, थांबली, पिसं फुलवून जमिनीवर बसली. मी वहिनींचा दंड दाबला. "अंड्यांवर बसलीये!"

मग ती कुठे बसलीये ते नीट पाहिलं. भाताची रोपं करायच्या जागेवर इथे आधी पाला, फांद्या, शेण पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तसा एक राब तयार होता आणि त्याच्या अगदी कडेला, उघड्या मातीवर ही बाई. तेवढ्यात शेताचा मालक काडेपेटी घेऊन बांधावरून येताना दिसला.

मी पळतच गेले. "दादा, जरा थांबा! तिथे अंडी आहेत."

"बेन, वारा आत्ता पडलाय. उद्या भाचीचं लग्न. आज नाही पेटवला तर कधी?"

"तेवढा कोपरा सोडा."

"मग त्या कोपऱ्यात गवत माजेल. निंदायला तुम्ही येणार?"

"येऊ की!" वहिनी मागून ओरडल्या. "जेवण मात्र तुमच्याकडे!"

तो हसला. मी लगेच कामं वाटली. पाखरू उठलं, आरडाओरडा करत दूर धावलं. मातीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी पायाखाली येऊ नयेत म्हणून वहिनींनी तिथे उभं राहायचं. दादांनी आणि मी कोपऱ्यातला पाला ओढून आत टाकायचा. मग मोकळ्या पट्ट्यावर बाटल्या रिकाम्या करायच्या. घाई करणं भाग होतं. अंधार पडायच्या आत तिने परत बसायला हवं होतं.

दादांनी पलीकडच्या टोकाकडून पेटवलं. आम्ही लांब मोहाच्या झाडाआड गेलो. जाळ सरसर पुढे आला, धूर आमच्याच डोळ्यांत. ओल्या पट्ट्याशी येऊन जाळ घुटमळला आणि बसला. पण टिटवी? ती माळावर नुसती येरझारा घालत होती. पुढे यायची, राखेकडे बघायची, मागे फिरायची.

"येत नाही ती," दादा म्हणाले. आता त्यांचाही आवाज खाली आला होता.

"गप बसा हो, येईल," वहिनी म्हणाल्या.

ती आली. वळसा घालून, मान आखडून, थांबत थांबत. अंड्यांपाशी उभी राहिली, पोटाची पिसं फुलवली आणि खाली टेकली.

"बसली!" वहिनी एवढ्या जोरात किंचाळल्या की ती ताडकन उठून पळाली. दादांनी कपाळावर हात मारला. मी पोत्याचं टोक वहिनींच्या तोंडावर धरलं. ती पुन्हा आली. या वेळी बसली ती उठलीच नाही.