एका बोटाने ओढता येणारी रायफल

निमगाव सावाच्या अलीकडच्या वस्तीवरची ती केस मला विसरता येत नाही. खुनाचा गुन्हा मी खोडून काढला, वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि तरी ती आठवली की अजून जेवण जात नाही.

सकाळी ठाण्यात शेजाऱ्याचा फोन आला. "साहेब, लवकर या. थोरल्यानं धाकट्याला गोळी घातली!" विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलेलं सगळ्या गावाला माहीत होतं. आम्ही पोचलो तेव्हा धाकटा गोठ्यापुढे पडलेला, आणि थोरला तिथंच मांडीवर रायफल घेऊन बसलेला. मला पाहताच त्याने हात पुढे केले. "मीच मारला. बेड्या घाला." धाकट्याची बायको ऊर बडवून त्याला शिव्याशाप देत होती. त्याने मान वर केली नाही.

पंचनामा झाला, गोळ्या काढून रायफल जप्त केली. त्यांच्या आज्याच्या वेळचा परवाना, रानडुकरं हाकायला घेतलेली जुनी लिव्हरची रायफल. चापाखालची लोखंडी कडी पुढे ढकलून मागे ओढली की गोळी नळीत चढते. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, त्यामुळे ही आमच्या चांगली ओळखीची. कडी इतकी जाम, की आमचा मुद्देमालाचा हवालदार दर वेळी चेष्टा करायचा, "दादा, ही रायफल हाय का जातं?"

त्याच हवालदाराने सवयीने पाय रोवून, दात-ओठ खाऊन कडी ओढली आणि धडपडला. लोण्यातून सुरी जावी तशी ती सरकली. "साहेब, ही ती न्हाईच!" नंबर ताडून पाहिला. तीच होती.

थोरल्याला समोर बसवलं. का मारलंस? गप्प. पाण्यावरून? गप्प. अहो, गुन्हा कबूल करणारा माणूस कारण सांगताना थांबत नाही, हा माझा अनुभव. याला कारणच नव्हतं. मग ती जाम कडी सैल केली कुणी, हे बघायला मी उठून धाकट्याच्या शेडमध्ये गेलो. तो पाण्याच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायचा. टेबलावर व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा डबा उघडाच होता. तीच करडी पेस्ट रायफलच्या सांध्यात सापडली.

परत येऊन मी एवढंच विचारलं, "त्यानंच घासून दिली ना?"

तो म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला.

"लई जीव लावून केली व्हती, साहेब. लकव्याचा झटका आल्यापासनं माझ्या हातात जोर नाय. भांडण मिटलं, तवा त्योच आला. म्हनला, दादा, रायफल दे, एका बोटानं वढशील अशी करतो. आन् केलीन. गोळ्या भरल्या, म्हनला आता वढून बघ. समोर हुबा राहून हासत व्हता. कडी मागं आली आन् उडाली. चापाला बोट लावलं न्हाई मी."

तज्ज्ञाने तेच सांगितलं. घोडा अडवून धरणारा खाचेचा तुकडाही धाकट्याने घासून गुळगुळीत केला होता, त्यामुळे कडी मिटताच घोडा आपोआप पडला. इंजिनात सगळंच गुळगुळीत लागतं, त्याला वाटलं इथंही तसंच.

"मग आधी का नाही बोललास?" मी ओरडलोच त्याच्यावर.

"मेलेल्याच्या माथी मारू?"

खुनाचं कलम गेलं, निष्काळजीपणाचं राहिलं, त्याला जामीन मिळाला. धाकट्याच्या बायकोला मी ठाण्यात बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, दिराबद्दलचं विष उतरेल. तिचं रडणं तिथंच थांबलं. "म्हंजी ह्यांनीच केलं," एवढं म्हणून ती उठून गेली.

बदलीआधी एकदा त्या वस्तीवरून गेलो. शेडला कुलूप होतं. थोरला ओट्यावर एकटाच बसला होता. मी विचारलं, "भावजय बोलते का आता तुझ्याशी?"

"कुणाशीच बोलत न्हाई. आमच्या भावाचा फोटू भिंतीवरून काढला तिनं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी लई हुशारी केली, साहेब. शिव्या द्यायला तिला मी व्हतो की."

तपासात सत्य शोधायचं हे मला शिकवलं होतं. ते सापडल्यावर कुणाच्या घरात नेऊन ठेवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.