कंदीलशेठचं पेव

अंबडला आमच्या गल्लीतले एक ज्वारीचे व्यापारी भर दुपारी पेटता कंदील घेऊन निघायचे, म्हणून सगळे त्यांना कंदीलशेठ म्हणत. त्यांचं धान्य जमिनीखाली, पेवात असे. पेव उघडलं की आधी कंदील दोरीनं आत सोडायचा. ज्योत टिकली तरच माणूस उतरायचा, कारण आतल्या कोंडलेल्या हवेनं जीव जातो. "कंदील भाषण करत न्हाई, खरं तेच सांगतो," असं ते पत्रकं वाटणाऱ्या आम्हा तरुणांकडे बघत म्हणायचे.

शेठ दानशूर नव्हते. भाव चढल्याशिवाय पेव उघडत नसत. लोक रेशनच्या रांगेत उभे असताना हे धान्य तुमचं कसं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं.

"पेव म्या खणलं, ज्वारी म्या घेतली. मंग कुणाची?"

माझ्या पत्रकात उत्तर छापलेलं होतं: लोकांची. शेठनी धान्य दडवलंय, असा मी तहसिलीत अर्ज दिला.

निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, धान्यावर नियंत्रण होतं. तहसिलीतला महसूल तपासनीस, गिरदावर, तपासणीला आला, जागा मी दाखवली. शेठनी अडवलं नाही, एवढंच म्हणाले, "साहेब, पेव उघडलं की रिकामं करा लागतं, हवा-पाणी लागून ज्वारी सडती. सगळं घेऊन जा, न्हाई तर बंदच राहू द्या."

मला ती पळवाट वाटली. "उघडा," मी म्हणालो.

मातीचा लेप फोडून गिरदावरानं ज्वारी पाहिली, तोंडावर फळी टाकली आणि लाखेचं सील ठोकलं. निकालापर्यंत हात लावायचा नव्हता. वरून माती लिंपायची परवानगी मागायला शेठ दोनदा तहसिलीत गेले. दोन्ही अर्ज ठेवून घेतले गेले.

पावसाळाभर ते छत्री धरून फळीपाशी बसत. वास सुटला तेव्हा मीच म्हणालो, सील तोडा.

"सील सरकारचं हाय. माझं असतं तर तोडलं असतं."

माल सोडल्याचा हुकूम थंडीत आला. शेठनी कंदील सोडला. हातभर खाली जाताच विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मग त्यांनी दोरी माझ्या हातात दिली.

"घे. लोकांची हाय."

व्यापार सोडून ते परतूरला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले.

नियंत्रण हवंच, असं मी आजही लिहितो. पण त्या पेवातला एक दाणाही रांगेतल्या कुणाच्या पोटात गेला नाही. भर दुपारी लिहिता लिहिता तो कुजका वास येतो. मी खिडक्या उघडायला उठतो. त्या उघड्याच असतात.