समुद्राचा निरोप कुठून आला

अपेक्षा पालघरच्या कॉलेजात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील शिवाजी मूळ धुळ्याकडचे, बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे. घरापासून समुद्र दहा-बारा किलोमीटरवर, पण ती तिथं चारदोनदाच गेली होती.

जानेवारीतल्या एका सकाळी वडिलांकडून तिच्या मोबाईलवर मेसेज आला. ‘आज दुपारच्या भरतीला समुद्र गावात शिरणार. किनाऱ्यावरच्या लोकांनी ताबडतोब निघावे. सरकारी सूचना.’ तिला किनाऱ्यावरच्या दातिवरे गावची मैत्रीण स्वरा आठवली. तिनं तो लगेच तिला पाठवला आणि कुणाचं तरी भलं केल्याच्या समाधानात वर्गात जाऊन बसली.

दुपारची भरती रोजच्यासारखी आली आणि गेली. पण दातिवऱ्यात अर्धी आळी वाळत घातलेले बोंबील तसेच टाकून धावत सुटली होती. त्या धावपळीत स्वराची आत्या जमना ओट्यावरून पडली. तिचं मनगट मोडलं.

स्वरा भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तू पाठवलंस म्हणून मी घरी फोन केला. तू उगाच काही पाठवत नाहीस ना.”

ते वाक्य अपेक्षाच्या मनातून जाईना. तिनं कॉलेजातल्या सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, “संकटात लोकांशी कसं बोलावं, हा अभ्यासाचा मोठा विषय आहे. वाचून बघ.” ती वाचू लागली आणि हळूहळू तिला वेगळंच काही होऊ लागलं. बोईसरच्या रस्त्यानं चालताना माणसांची बोलणी तिला पाण्यासारखी वाहताना जाणवायची. रिक्षावाल्याचं हिंदी वाक्य भाजीवालीपाशी येऊन मराठी व्हायचं आणि वळणावर त्याचा अर्थ थोडा कलायचा. कारखान्यांवरची धुरकट हवा, सुटलेली पाळी, डबे घेऊन परतणारी माणसं, आणि त्यांच्या मधून तरंगत जाणारे शब्द. ती बघत उभी राही आणि तिची बस निघून जाई.

मग तो मेसेज आला त्या वाटेनं ती उलटी निघाली.

वडिलांना तो रामूनं पाठवला होता. रामू किनाऱ्यावर बर्फ पोचवणारा टेंपो चालवायचा. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. “लिवला मीच. बोईसरच्या बाजारात रत्नाबाईनं सांगितलेलं, समुद्र गावात येणार म्हणून.”

“मग सरकारी सूचना?”

“ते मी घातलं. त्याच्याबिगर कोण ऐकतं? लोकांचा जीव वाचावा, एवढंच मनात होतं.”

“आणि दुपारची भरती?”

रामूनं जरा आठवून पाहिलं. “वेळ घातली नसती तर कोणी उठलं नसतं.”

रत्नाबाई किनाऱ्यावरच्या घिवली गावची, बाजारात मासळी विकणारी. ती टोपलीवर पाणी शिंपडत म्हणाली, “आमची म्हातारी हाय ना, राहीबाई, माझी चुलत सासू. ती बोलली, समुद्र घरात आला. तिचं बोलणं खोटं नसतं. मी बाजारात बोलले, बस.”

दुसऱ्या दिवशी अपेक्षा घिवलीला गेली. राहीबाई अंगणात जाळ्याचा तुकडा मांडीवर घेऊन बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदूची निळसर झाक. ओहोटी लागली होती. दूरवर ओली वाळू आकाशासारखी चमकत होती, आणि पाणी कुठं संपतं ते कळत नव्हतं.

“आजी, समुद्र घरात आला असं तुम्ही रत्नाबाईंना सांगितलं होतं?”

“सांगितलं ना. सपनात आला.” म्हातारी हसली. “आवाज नाय, लाट नाय. उंबऱ्यावरून असा हळूच आत. कोमट पाणी. चुलीपाशी पापलेटं फिरत होती, चांदीसारखी. आणि आमचा गेलेला म्हातारा दाराशी होडी बांधून बसलेला. बोलला, चल, आता चालायला नको. मी हसत उठले. परत झोपायला बघितलं, पण नाय लागली झोप.”

अपेक्षानं ते मनात पुन्हा उलगडून पाहिलं. यात भीती कुठंच नव्हती. रत्नाबाईनं फक्त ‘सपनात’ हा शब्द गाळला होता. पुढच्यांनी उरलेल्या जागेत आपापलं भय भरलं, आणि त्यांत ती स्वतःही होती.

म्हातारीला पुढचं सांगावं की नाही, हे तिला कळेना. न सांगता उठणं सोपं होतं. पण तिनं सांगितलं, सावकाश, काही न गाळता. मेसेज, दातिवरे, जमनाचा हात.

राहीबाईचे हात जाळ्यावर थांबले. तिनं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “लय लागलं का तिला?”

“प्लास्टर आहे. सव्वा महिना.”

“मला घेऊन चल.”

रविवारी दोघी एसटीनं एडवणवरून दातिवऱ्याला गेल्या. माडांच्या सावल्या म्हातारीच्या चेहऱ्यावरून सरकत होत्या. जमना ओट्यावरच बसली होती. अपेक्षानं आधी स्वतःची चूक सांगितली. “न विचारता पुढं पाठवलं, आत्या. माझं चुकलं.” मग हा निरोप राहीबाईच्या स्वप्नातून निघाला होता, हेही सांगितलं. जमनानं राहीबाईला जवळ बसवून घेतलं.

“सपान काय होतं, ते मला सगळं सांग,” ती म्हणाली.

राहीबाईनं सांगितलं. कोमट पाणी, पापलेटं, होडी. जमनाचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि शेवटी तिनं हळूच विचारलं, “होडीत आणखी कोणी होतं का?”

“नीट दिसलं नाय ग,” राहीबाई म्हणाली.

अपेक्षानं याच विषयावर प्रकल्प केला, आणि पुढं शिकायलाही तोच घेतला. आता किनाऱ्यावरच्या गावांत हवामानाची सूचना आली की स्वरा तिला फोन करते. दोघी मिळून ती दातिवऱ्याच्या बोलीत लिहितात. कोण सांगतंय, कधी कळलं, काय अजून ठाऊक नाही, हे सगळं त्यात असतं. पाठवण्याआधी स्वरा ते जमनाला मोठ्यानं वाचून दाखवते. जमना कधी म्हणते, “हा शब्द नको, बाया घाबरतील,” आणि त्या तो बदलतात.