भागूबाई नापास झाली

उस्मानपुऱ्यात धम्मपालच्या घरी दोन भागूबाई आहेत. एक त्याची आई. वय शहाऐंशी, कानानं कमी, पण जीभ अजून शाबूत. दुसरी तांब्या-पितळेची. लांबीला माणसाएवढी, उंचीला गुडघ्याच्या जरा वर, आणि वजनाला चार गड्यांना घाम फोडणारी. ती कोळसा खाते, पाणी पिते आणि खऱ्याखुऱ्या वाफेवर डब्यांत बसलेली पंधरा माणसं ओढून नेते. आई तिला ‘बारकी’ म्हणते आणि रोज पदरानं तिच्या धुराड्यावरची धूळ पुसते.

धम्मपालनं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. अशा माणसानं रिटायर झाल्यावर गप नातवंडं खेळवावीत. पण घोड्यावरून उतरलेल्याला पायी चालणं जड जातं म्हणतात, तसं त्याचं झालं. नोकरीची शेवटची सहा वर्षं आणि नंतरची तीन, अशी नऊ वर्षं खपून त्यानं घरच्या ओसरीत हे इंजिन उभं केलं. पितळ जुन्या बाजारातून आणलं, तांब्याचा पत्रा कुठून कुठून गोळा केला. चाकं मात्र राजेंद्रनं कातून दिली. राजेंद्र वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याच्या हाताला केसाएवढा फरक कळायचा. आठ चाकं, आणि एकही लंगडं नाही.

मग राजेंद्रनंही स्वतःचं इंजिन बांधलं. नाव ठेवलं ‘अजिंठा’. दोन इंजिनं झाली म्हणजे रूळ हवेत, रूळ हवेत म्हणजे जागा हवी. हर्सूलच्या पुढं अप्पारावांची चिकूची बाग होती. अप्पाराव म्हणाले, “झाडाला हात लावायचा नाय. बाकी काय घालायचे ते रूळ घाला.” तिथं चारशे मीटरचा फेरा झाला आणि छोट्या रेल्वेचं मंडळ झालं. दर रविवारी चौदा माणसं यायची. कोणी खडी दाबायचं, कोणी गवत काढायचं. उर्दू शाळेतल्या जाहेदा मॅडम बसणाऱ्यांची रांग लावायच्या, आणि त्यांच्या रांगेत मध्ये घुसण्याची अप्पारावांचीसुद्धा छाती नव्हती. कोणाला पगार नाही, कोणाचा हुकूम नाही. फुकटच्या कामावर माणूस जेवढं भांडतो तेवढं पगाराच्या कामावर भांडत नाही, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं कुठल्याही रविवारी तिथं जावं.

मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर धम्मपालच्या अक्षरात एक नियम होता. ‘वर्षातून एकदा प्रत्येक बॉयलर तपासायचा. आपला बॉयलर आपण तपासायचा नाही. तपासणी चालू असताना मालकानं सहा फूट लांब उभं राहायचं. तपासणाऱ्यानं स्वतः बॉयलर बांधलेला असावा. सही नसेल तर इंजिन पेटवायचं नाही.’ त्यामागं कारण होतं. कारखान्यात एकानं स्वतःच्याच कामावर स्वतःच सही ठोकली होती, आणि त्या सहीपायी धम्मपालच्या पाळीतल्या एका माणसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. “वाफेला ओळखपाळख नसती,” धम्मपाल सांगायचा. बॉयलर बांधलेली माणसं मंडळात दोनच. म्हणून भागूबाई राजेंद्रनं तपासायची आणि अजिंठा धम्मपालनं. तीन वर्षं असं चाललं, आणि कोणाला कधी शंका आली नाही.

गेल्या हिवाळ्यात फर्दापूरजवळच्या एका नव्या रिसॉर्टचा निरोप आला. लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी त्यांनी छोटे रूळ घातले होते. उद्घाटनाला मंडळानं एक इंजिन आणावं, पुढं तेच तिथं कायम राहील, चालवणाऱ्याचं नाव पाटीवर लागेल. इंजिन एकच. बैठकीत जाहेदा मॅडमनी हात वर करायला सांगितलं. बारा हात भागूबाईसाठी वर गेले. पहिला हात राजेंद्रचा होता.

धम्मपाल त्या दिवशी घरी आला तो जवळजवळ पळतच. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या आईनं देवगाव रंगारी सोडून फर्दापूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. तो तेव्हा अकरा वर्षांचा, तिच्या शेजारी बसून बारीक खडीचा ढीग लावायचा. तिच्या डाव्या अंगठ्याला नख नाही, ते त्याच रस्त्यावर राहिलं. त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, “आई, तू फोडलेल्या खडीवरून आता तुझ्या नावाची रेल्वे जाणार. पहिल्या डब्यात तू!”

“मला पाडशील तर नाय ना?” म्हातारी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतलं पांढरं लुगडं काढून उन्हात घातलं.

उद्घाटनाला तीन आठवडे होते आणि भागूबाईची तपासणी त्याच महिन्यात होती. तपासणी साधी असते. बॉयलरमध्ये काठोकाठ गार पाणी भरायचं, हातपंपानं चालवायच्या दुप्पट दाब चढवायचा आणि अर्धा तास काट्याकडं बघत बसायचं. काटा हलला नाही तर पास. पंप बादलीतून पाणी ओढतो. त्याला एक छोटा स्क्रू असतो. तो सैल केला की दाब उतरतो आणि पाणी परत बादलीत येतं.

रविवारी बागेत धम्मपाल नियमाप्रमाणं सहा फुटांवर उभा राहिला. राजेंद्रनं काटा एकशेसाठवर नेला. दहा मिनिटांत काटा एकशेतीसवर आला. राजेंद्रनं भट्टीत, बॉयलरमधून जाणाऱ्या तांब्याच्या ट्यूबांवर बॅटरी मारून बघितलं, बराच वेळ वाकून राहिला, आणि मान हलवत उठला.

“ट्यूब गेली, धम्मा. आत घाम सुटलाय.”

“बघ ना नीट.”

“बघितलं. मला का हौस हाय?” त्यानं वहीत ‘नापास’ लिहिलं आणि खाली सही केली. लिहिताना त्याचे डोळे ओले झाले होते. ते धम्मपालला दिसलं, आणि उलट त्यालाच मित्राची कीव आली.

त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. त्याच दिवशी मंडळाच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, “अजिंठा जाऊ द्या. राजाचं इंजिनबी तसंच चांगलं हाय.” घरी आईला सांगितलं, बारकी आजारी आहे. म्हातारी हळहळली. “माझ्यावाणीच झालं रं तिचं,” म्हणाली.

फर्दापूरला तो गेलाच. न जाऊन कसं चालेल? अजिंठ्याचा कोळसा त्यानं स्वतः चाळला, पाणी त्यानं भरलं. पांढऱ्या लुगड्यातल्या आईला त्यानं अजिंठ्याच्या मागच्या पहिल्या डब्यात बसवलं. राजेंद्र पुढं बसून गळ्यात हार घालून इंजिन चालवत होता. फेरा संपल्यावर म्हातारीनं राजेंद्रच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. ओसरीत नऊ वर्षं तिच्या हातचा चहा प्यालेला पोरगाच होता तो, साठीचा का असेना.

मार्चमध्ये धम्मपालनं भागूबाई उघडली. वरचं आवरण काढलं, धुराड्याकडचा भाग सोडवला, एकेक ट्यूब भिंग लावून पाहिली. भेग नाही. वितळलेला जोड नाही. मंडळाचा पंप अजिंठ्याबरोबर फर्दापूरला गेला होता. तो परत आल्यावर एका दुपारी त्यानं ओसरीत स्वतःच पाणी भरून दाब चढवला. एकशेसाठ. समोर स्टूल घेऊन बसला. अर्धा तास झाला, तास झाला. काटा एकशेसाठवर होता, जणू रंगवलेला.

मग चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला ते आठवलं, जे त्याच दिवशी दिसायला हवं होतं. त्या रविवारी भागूबाईच्या खालची जमीन कोरडी होती. पुरी कोरडी, धूळ उडेल अशी. बॉयलर गळाला असता तर पाणी खाली पडलं असतं. आणि त्या दहा मिनिटांत कुठंतरी टप टप आवाज येत होता. बादलीत. राजेंद्रच्या पायाशी.

कारखान्यात एखाद्या नवख्यानं ‘ट्यूब गेली’ म्हटलं असतं तर धम्मपालनं आधी विचारलं असतं, पाणी कुठंय? इथं विचारलं नाही. राजेंद्र म्हणाला म्हणून विचारलं नाही. त्याला रागाच्या आधी लाज वाटली. आपण स्वतःच्या हातानं त्याचा कोळसा चाळला, ही लाज. मग राग आला, आणि तो असा आला की पंपाचा दांडा त्यानं भिंतीवर आपटला. म्हातारीलाही तो ऐकू गेला.

पण तो कोणाला बोलला नाही. त्याची स्वतःची तपासणी नियमात बसत नव्हती, आणि नियम त्यानंच लिहिला होता. महिनाभर तो रविवारी बागेत जाऊन मुकाट्यानं खडी दाबत राहिला. राजेंद्र त्याला चहा आणून द्यायचा, तोही तो प्यायचा. असा चहा शत्रूलाही मिळू नये.

एप्रिलमध्ये अजिंठ्याची तपासणी आली. राजेंद्रनं इंजिन फर्दापूरहून टेम्पोतून बागेत आणलं. धम्मपालनं त्याला सहा फुटांवर उभं केलं आणि इंजिनाखाली वर्तमानपत्रं अंथरली.

“ये क्या नया निकाला, धम्मपालभाई?” जाहेदा मॅडमनी विचारलं.

“पाणी कुठं जातं ते कळावं म्हणून.”

राजेंद्रच्या तोंडावरचा रंग उतरला. धम्मपालनं पंप मारला. काटा एकशेसाठवर गेला. त्याचं बोट त्या छोट्या स्क्रूवर होतं. पाव फेरा. एवढाच पुरला असता. अजिंठा नापास, पाटी उतरली असती, आणि कोणाला काही कळलंही नसतं. त्याच्या मनात ते आलं नाही असं नाही, आलं आणि चांगलं बसून राहिलं. रविवारी विहारात जाऊन पंचशील म्हणणारा माणूस असला तरी माणूसच असतो. अखेर त्यानं स्क्रू घट्ट पिळला आणि हात मागं घेतला.

अर्धा तास काटा हलला नाही. वर्तमानपत्रं कोरडी होती. त्यानं वहीत ‘पास’ लिहून सही केली. मंडळी टाळ्या वाजवून चहाकडं गेली. मागं दोघंच उरले.

“कळलं तुला,” राजेंद्र म्हणाला.

“महिना झाला.”

“मग नापास का नाय केलंस?”

“पास हाय म्हणून. पण तू माझ्याकडं आणलंच कसं? भीती नाय वाटली?”

राजेंद्रनं खाली बघितलं. “तू खोटं लिहिणार नाय, हे मला माहीत होतं.”

हे धम्मपालला काटा पडण्यापेक्षा जास्त लागलं. आपला खरेपणा या माणसानं आधीच गृहीत धरला होता. त्यावर टेकूनच त्यानं खोटं केलं होतं.

“लोक यायचे ते विचारायचे, भागूबाई कुठंय,” राजेंद्र बोलत सुटला. “तिची चाकं मी कातली, तरी माझ्या इंजिनाकडं कोणी ढुंकून बघायचं नाय. हात तर मीच पहिला वर केला होता. पण घरी गेलो आणि वाटलं, एकदा... एकदाच आपलं नाव. धम्मा, चुकलं माझं.”

“आई बसली ना रे तुझ्या मागं. तुझी दृष्ट काढली तिनं.”

राजेंद्रला रडू फुटलं. त्यानं घाईघाईनं वही ओढली. “थांब. आत्ता लिहितो. भागूबाई पास. आजची तारीख घालतो. फर्दापूरवाल्यांना मी स्वतः सांगतो.”

“न बघता?”

“बघायचं काय त्यात? ठणठणीत हाय ती, मला माहीत हाय.”

“माहीत तेव्हाबी होतं.”

राजेंद्रचा पेन कागदावर टेकलेलाच राहिला. धम्मपालनं वही त्याच्या हाताखालून हळूच काढून घेतली आणि मिटली.

“बरं, नीट तपासतो,” राजेंद्र म्हणाला. “सगळ्यांसमोर. कागद अंथर, तू पाहिजे तर जवळ उभा राहा.”

“जवळ उभं राहायचं असतं तर नियम कशाला लिहिला असता, राजा? मी लांब उभा राहायचो, कारण तिथं तू असायचास.”

तो वही जाहेदा मॅडमना देऊन निघाला. त्यांनी हाक मारली, “भाई, पुढच्या रविवारी भागूबाईला आणा!” त्यानं नुसता हात हलवला.

घरी म्हातारी ओसरीत बसून इंजिनाचं धुराडं पुसत होती. आवरण अजून बाजूलाच पडलं होतं. “काय म्हनतीया बारकी? बरी व्हनार का नाय?” तिनं विचारलं.

“तिला काय झालंच नव्हतं, आई.”

“मंग आजारी हाय कोन म्हनलं?”

“राजेंद्र.”

म्हातारीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं कान पुढं केला. त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. त्याच हातांनी तिनं फर्दापूरला त्याची दृष्ट काढली होती. मग धुडकं खाली ठेवून म्हणाली, “जाऊ दे त्याला. दुसऱ्या मानसाला दाखव की इंजान.”

धम्मपालनं आवरण उचलून भागूबाईवर घातलं आणि एकेक स्क्रू बसवायला घेतला.

“दुसरा माणूस नाय, आई,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “एकच होता.”